वजाबाकीचे शब्द

तमिळनाडूतील कुंभकोणम या प्राचीन क्षेत्राच्या उत्तरेकडून कावेरी वाहते, आणि तिच्याच काठाने मेलकावेरी या नावाची वस्ती आहे. तमिळमध्ये 'मेल' म्हणजे वरचा. त्या प्रदेशातील जमीन पश्चिमेकडे चढत जात असल्यामुळे 'पश्चिमेचा' असाही त्या शब्दाचा अर्थ होतो. अशा या अस्सल तमिळ नावाच्या वस्तीत एका मराठी कुटुंबाच्या ओसरीवर एक सायंकाळ घालविण्याचा योग मला आला. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याबरोबर जी मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात येऊन स्थिरावली, त्यांपैकीच हे एक. घरात अद्याप मराठी बोलली जाते. तिचे हेल तमिळ आहेत, तिच्यात तमिळ शब्द सढळपणे आले आहेत, आणि मधूनच एखादा असा जुना मराठी शब्द कानी पडतो, की पुण्या-साताऱ्याच्या माणसाने क्षणभर थबकावे.

पितळी डबऱ्यातून कॉफी आली होती. यजमान वृद्ध होते; आयुष्यभर त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केलेले. त्यांचा नातू शेजारी बसून शाळेतील अभ्यास करीत होता. त्याला दिलेला प्रश्न असा : 'वगळणे, काढणे, कमी करणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील भेद सांगा.' पुढे यादी होती : रिमूव्ह, ओमिट, डिलीट, सबट्रॅक्ट, कॅन्सल, एक्स्क्लूड, एलिमिनेट. मुलाला हे सारे शब्द एकसारखेच वाटत होते. "सगळ्यांचा अर्थ एकच, आधी होते ते आता नाही," असे त्याचे म्हणणे. आणि प्रथमदर्शनी ते खोटेही नव्हते.

आजोबांनी मात्र एकेक शब्द उलगडून दाखविण्यास आरंभ केला. यांतील बहुतेक शब्द इंग्रजीने लॅटिनकडून घेतले आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक लहानसे चित्र दडलेले आहे. 'ओमिट' म्हणजे हातातून जाऊ देणे. 'सबट्रॅक्ट' म्हणजे खालून ओढून काढणे. 'एक्स्क्लूड' म्हणजे बाहेर ठेवून दार लावून घेणे. 'एलिमिनेट' मध्ये 'लिमेन', म्हणजे उंबरठा आहे. उंबरठ्याबाहेर घालविणे, हा त्याचा मूळ अर्थ. 'कॅन्सल' मध्ये जाळी आहे. लिहिलेल्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या की त्यांची जाळीच तयार होते. 'डिलीट' म्हणजे पुसून नाहीसे करणे. दार, उंबरठा, जाळी, पुसलेली पाटी अशी चित्रे डोळ्यांपुढे आली, आणि सगळे शब्द एकच आहेत असे म्हणण्याचे धाडस मग त्या मुलाने केले नाही.

मला आपल्या मराठीची आठवण झाली. आपणही या बाबतीत दरिद्री नाही. आपण चहा गाळतो, नाव वगळतो, ओळ खोडतो, कर उठवितो, नोकराला काढून टाकतो आणि दुबळ्याचे हिरावून घेतो. हिशेबात रक्कम वजा करतो. जुन्या लेखकांची एक रीत तर आपल्या वाक्प्रचारातच जाऊन बसली आहे. कागदी पोथीत अक्षर चुकले, म्हणजे लेखक त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि त्यावर पुन्हा लिही. त्यावरून 'हरताळ फासणे' हा प्रयोग आला. या रीतीत एक सचोटी होती. पिवळा डाग पाहून वाचकाला कळे, की येथे पूर्वी काहीतरी होते आणि कोणाच्या तरी हाताने ते झाकले आहे.

मुलाचे उत्तर लिहून होत आले, तेव्हा आजोबांनी त्याला विचारले, "तुझ्या यादीत एक शब्द नाही. 'लॅप्स'. तो कोठे बसेल?" मुलगा म्हणाला, "विम्याचा हप्ता भरला नाही तर विमा लॅप्स होतो, तोच ना?" आजोबा म्हणाले, "तोच. त्याच शब्दाने आपले राज्य गेले."

श्रोतेहो, ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, त्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापिले. कुंभकोणम त्याच राज्यातले. पुढे १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीच्या हाती दिला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा अल्पसा प्रदेश राहिला. वर्षाला एक लाख होन आणि राज्याच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा, असे ठरले. सत्ता गेली, तरी विद्येचे वैभव राहिले. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना चालविला, आणि बृहदीश्वराच्या मंदिरावर १८०३ साली भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख कोरविला. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ च्या ऑक्टोबरात वारले. त्यांच्यामागे राण्या होत्या, मुली होत्या, मुलगा नव्हता. मुलीकडे गादीचा वारसा जात नाही असे कंपनीने ठरविले, राजपद संपुष्टात आल्याचे जाहीर केले, आणि १८५६ मध्ये फौज आणून राजवाडा, जामदारखाना व सारी चीजवस्तू यांवर मोहरा लावल्या.

आता या सर्व प्रकाराला इंग्रजी दप्तराने नाव काय दिले, ते पाहण्याजोगे आहे. त्या काळी गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या कारकिर्दीत हे धोरण ज्या नावाने प्रसिद्ध झाले, त्यातील मुख्य शब्द 'लॅप्स' हाच होय. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशी ही राज्ये याच शब्दाखाली गेली. 'लॅप्स' चे मूळ लॅटिन भाषेत 'घसरणे, निसटून पडणे' असे आहे. पिकलेले फळ देठावरून गळावे, पायरीवरून पाय निसटावा, तसे हे. फळ पाडणारा या चित्रात कोणी नाही. राज्य निसटले, खाली योगायोगाने कंपनीची ओंजळ होती, एवढेच!

या शब्दाची भावंडेही अशीच सोज्वळ आहेत. बेवारशी मालमत्ता सरकारजमा होण्यास इंग्रजी कायद्यात 'एश्चीट' म्हणतात. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचाही मूळ अर्थ 'जे वाट्याला येऊन पडले ते' असाच आहे. परंतु इंग्लंडातील सामान्य लोकांनी या शब्दाचा न्याय फार पूर्वीच केला होता. राजाच्या वतीने अशा मालमत्ता गोळा करीत फिरणारे अधिकारी इतके बदनाम झाले, की त्याच 'एश्चीट' मधून फसवणूक या अर्थाचा 'चीट' हा शब्द निघाला. विद्वानांनी जे झाकले, ते जनतेच्या जिभेने उघडे केले. दुसरे भावंड 'रिझम्प्शन', म्हणजे परत घेणे. मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, सनदा तपासून कित्येक इनामदारांची इनामे काढून घेतली, तेव्हा हाच शब्द वापरात होता. 'परत घेतले' असे म्हटले, की ते मुळात आपणच दिले होते असे न बोलता सिद्ध होते! वास्तविक त्यांतील कित्येक इनामे कंपनीच्या आधीच्या राजवटींनी दिलेली. तिसरे भावंड 'अ‍ॅनेक्स'. याचा अर्थ तर चक्क 'जोडणे'. ज्याचे गेले त्याच्या दृष्टीने ती वजाबाकी. ज्याने लिहिले त्याच्या वहीत ती बेरीज.

येथे कोणी म्हणेल, शब्द कोणताही वापरला असता तरी राज्य गेलेच असते. हे खरे आहे. फौज शब्दकोश पाहून चालत नाही. परंतु शब्दाचे काम फौज परत गेल्यानंतर सुरू होते. वस्तू आपोआप पडली असे एकदा मान्य झाले, म्हणजे ती मागावयाची कोणाकडे? घेणारा असेल तर मागता येते. घेणाराच नसेल, तर मागणाऱ्याला वेडे ठरवितात.

तंजावरची ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई हिने मात्र मागण्याचे धाडस केले. राज्याचे राहू द्या, निदान राजांची खाजगी मालमत्ता तरी हिंदू कायद्याने आमची आहे, असे म्हणून तिने मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. तो काळ १८५७ च्या आगेमागेचा आहे, हे ध्यानात घ्यावे. एक विधवा स्त्री, जिच्या वाड्याच्या दारावर मोहरा आहेत, ती त्यांच्याच न्यायालयात जाऊन विचारते, 'हे कोणी घेतले, आणि कोणत्या हक्काने?' मद्रासच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कंपनीच्या वतीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील झाले, आणि १८५९ साली तो निकाल फिरला. कारण असे देण्यात आले, की हे कृत्य एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या बाबतीत केलेले राजकीय कृत्य आहे; ते न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. आजही भारतातील कायद्याचे विद्यार्थी हा खटला अभ्यासतात.

राणी हरली. परंतु या पराभवात एक गोष्ट घडून गेली. दावा लढविताना 'हे निसटून पडले' असे म्हणून भागेना. 'होय, आम्ही घेतले. सत्तेच्या अधिकाराने घेतले. आणि त्याबद्दल विचारणारे न्यायालय नाही,' असे सरकारला म्हणावे लागले. 'लॅप्स' या शब्दाने जो कर्ता झाकला होता, तो राणीच्या प्रश्नाने उजेडात आला. आणि पुढे १८६२ साली सरकारने ती खाजगी मालमत्ता राण्यांकडे परत दिली. हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून दिली, पण दिली. ज्याने घेतले हे कबूल केले, त्यालाच परत देता येते. निसटून पडलेल्या वस्तूला परत देणारा कोठून असणार?

मेलकावेरीच्या ओसरीवर हे बोलणे चालले असता मी काहीशा अभिमानाने म्हणालो, "आपली मराठी या बाबतीत सरळ आहे. आपल्या भूतकाळात कर्त्याला 'ने' लावावा लागतो. 'कंपनीने राज्य घेतले' असेच म्हणावे लागते." यजमान हसले. म्हणाले, "आणि 'राज्य खालसा झाले' असे आपण म्हणतो, ते?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांचे बोलणे यथार्थ होते. 'खालसा' हा अरबी मुळाचा शब्द; शुद्ध, निर्भेळ हा त्याचा मूळ अर्थ. जी जमीन मधल्या कोणाच्या वाट्याविना थेट सरकारची, ती खालसा. 'खालसा केले' म्हटले तर करणारा दिसतो. 'खालसा झाले' म्हटले की तो दिसेनासा होतो. आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून, बोलण्यातून, आपण 'झाले' च अधिक वेळा म्हणत आलो आहोत. आपली 'जाणे' आणि 'राहणे' ही क्रियापदेही अशीच सोयीची आहेत. पत्रिका द्यावयाची राहून गेली. यादीतून नाव गळले. वतन बुडाले. याच कुंभकोणमात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना गणितातील प्रावीण्यामुळे १९०४ साली येथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितावाचून इतर विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे, इंग्रजीत नापास झाल्यामुळे, ती 'गेली'. आपण सारे असेच सांगतो. ती कोणी तरी, कोणत्या तरी नियमावर बोट ठेवून, काढून घेतली होती, हे 'गेली' या शब्दात उमटत नाही.

परभाषेतील शब्द काढून टाकले म्हणजे हा दोष जाईल असेही नाही. शिवछत्रपतींच्या प्रेरणेने राज्यव्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्याचे कर्तृत्व परंपरेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे दिले जाते. आणि हे हणमंते तंजावरच्या व्यंकोजी राजांचेही कारभारी होते, हा योगायोग लक्षणीय आहे. त्या कोशाचे महत्त्व मोठे आहे. परंतु मौज अशी, की काढून टाकण्याचेच शब्द आपल्या भाषेने काढून टाकले नाहीत! वजा, रद्द, जप्त, बडतर्फ, खालसा हे सारे आजही आपल्या कचेऱ्यांत सुखाने नांदत आहेत. 'बडतर्फ' म्हणजे फारसीत 'एका बाजूला'. माणसाला नोकरीतून काढले असे न म्हणता, त्याला जरा बाजूला उभे केले असे म्हणणारा तो शब्द. इंग्रजीचे दोष इंग्रजीचे नाहीत. ते सत्तेचे आणि संकोचाचे दोष आहेत, आणि प्रत्येक भाषेला ते सारखेच चिकटतात.

काढून टाकणे हे नेहमीच वाईट असते, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. याच कुंभकोणमात १८२८ साली तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, तेव्हा त्यांनी मिरी आणि तंबाखू यांचे सरकारी मक्ते उठविले. या वजाबाकीने रयतेचे भले झाले, आणि ती करणाऱ्याने आपले नाव लपविले नाही. हेच माधवराव १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण म्हणून गेले, ते मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केल्यानंतर. तेथे रेसिडेंटावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात एकमत झाले नाही. तेव्हा गैरकारभार हे कारण पुढे करून सरकारने स्वतःच्या नावाने त्यांना गादीवरून दूर केले. ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, आणि झालाही. वाद होऊ शकला, याचे एक कारण हे की करणारा समोर उभा होता.

सायंकाळ सरत आली. मी निघण्यापूर्वी, दक्षिणेत येणारा प्रत्येक मराठी पाहुणा विचारतो तो प्रश्न मीही विचारला. तुमच्याकडची मराठी आता जात चालली आहे का? मुलाची वही माझ्यासमोरच होती. तिच्यात इंग्रजी होते, तमिळ होते. आजीच्या हातची एक पाककृती मराठीत होती, पण लिपी तमिळ. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. मोडीचे तर नावच.

वृद्ध गृहस्थ थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जात चालली आहे असे आपण म्हणता, हा आपला चांगुलपणा. माझ्या वडिलांना मोडी येत होती. त्यांनी ती मला शिकविली नाही. मला देवनागरी येते. मी ती माझ्या मुलाला शिकविली नाही. वेळ नव्हता, शाळेत तमिळ आणि इंग्रजीच होते, ही कारणे खरी आहेत. पण कारण निराळे आणि कर्ता निराळा. कंपनीच्या शब्दाला मी आयुष्यभर हसलो. आता माझ्या घरात काय लॅप्स झाले, असे मी म्हणू?"

त्यांच्या स्वरात खंत होती, पण रडगाणे नव्हते. एखाद्या शिक्षकाने स्वतःच्या वहीतील चूक स्वतःच तांबड्या शाईने दाखवावी, तसे ते बोलले. मला वाटले, ज्या प्रश्नासाठी कामाक्षीबाई मद्रासच्या न्यायालयात गेली, तोच प्रश्न या माणसाने स्वतःला विचारला आहे, आणि त्याचे उत्तरही न टाळता दिले आहे. ज्याने 'मी शिकविले नाही' असे म्हटले, त्याला 'उद्यापासून शिकवितो' असेही म्हणता येते. 'भाषा गेली' असे म्हणणाऱ्याला पुढचे वाक्यच उरत नाही.

श्रोतेहो, आपल्या घरांतून, संस्थांतून, गावांतून पुष्कळ गोष्टी रोज कमी होत असतात. जुनी झाडे, यादीतील नावे, पाठ्यपुस्तकांतील धडे, सभेला न बोलावलेली माणसे. त्यांतील काही काढावयाच्याच असतात, काही कधीच काढू नयेत अशा असतात. निवाडा ज्याचा त्याने करावा. माझी विनंती एवढीच, की तो करण्यापूर्वी वाक्यात कर्ता आहे की नाही, हे एकदा पाहावे. 'गेले', 'राहिले', 'गळले', 'झाले' असा शब्द कानी आला, की 'कोणी?' एवढे विचारावे; आणि उत्तर आपल्याच नावाने आले, तर ते ऐकून घ्यावे.

मी ओसरीवरून उतरलो, तेव्हा मुलाने वही पुढे केली. आजोबांनी सांगितल्यावरून यादीच्या तळाशी त्याने 'लॅप्स' हा शब्द वाढविला होता. त्यापुढे अर्थ लिहावयाची जागा त्याने कोरी ठेवली होती. "उद्या लिहितो," तो म्हणाला, "ताता म्हणतात, बाळबोध अक्षरांत लिही. आधी तीच शिकायची आहेत."